राजीनामापत्र : एक शब्द की दोन?

प्रश्न असा : 'राजीनामापत्र' जोडून लिहायचे की 'राजीनामा पत्र' असे तोडून?

दोन्ही नको. नामा म्हणजेच लेख, पत्र. करारनामापत्र म्हणता का? पंचनामापत्र? मग राजीनाम्यानेच काय घोडे मारले? बातम्यांत रोज कोणी ना कोणी हे 'पत्र' सुपूर्द करतो आणि माझा सकाळचा चहा कडू होतो.

खरी गंमत 'राजी'त आहे. नाराज माणूस देतो तो राजीनामा कसा, हा विनोद जुना. पण शंका चोख आहे. अरबी 'राझी' म्हणजे संतुष्ट, कबूल. त्याला फारसी 'नामा' जोडला की संमतीचा कागद. हिंदी-उर्दूत अजून तोच अर्थ आहे. तिकडे कोर्टात 'राजीनामा हो गया' असे ऐकलेत, तर कोणी नोकरी सोडलेली नसते, भांडण मिटलेले असते. नोकरी सोडतात तो इस्तीफा.

आपल्याकडे हे पालटले कसे? 'स्वखुशीने जातो असे लिहून द्यायचे, म्हणून राजीनामा' एवढे सांगून जाणकार हात झटकतात. मला ते पुळचट वाटते. माझ्या मते हा अर्थ कचेरीत नव्हे, शेताच्या बांधावर बदलला. मुंबई इलाख्यात खातेदाराला जमीन सोडायची असली की तो सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि जो ती घेणार तो कबुलायत. 'राजीनामा-कबुलायत' ही जोडगोळी जमिनीच्या जुन्या दाव्यांत हटकून भेटते. एक सोडायला राजी, दुसरा सारा भरायला कबूल. जमीन सोडण्याचा कागद पुढे खुर्ची सोडण्याचा झाला, इतके ते सरळ आहे. आणि पाहा, मराठी 'राजीनामा', गुजराती 'राजीनामुं', कानडी 'राजीनामे' : तिन्हींत अर्थ पद सोडण्याचा, आणि तिन्ही भाषा त्या इलाख्यात नांदणाऱ्या. तेलुगू, तमिळ, अगदी नेपाळीतही हाच अर्थ आहे, असे कोणी तरी लगेच म्हणेल. असू दे की. शब्दाला इलाख्याची हद्द ओलांडायला परवाना लागत नाही.

मल्याळमने तर नामाही टाकून दिला. तिथे मंत्री नुसती 'राजि' ठेवतो आणि मंत्रिपद जाते. शेजारच्या कानडीत मात्र 'राजि' म्हणजे तडजोड. सीमेवरच्या दुभाष्यांची मला काळजी वाटते.

आणि आपली 'रजा'? ती याच धातूची. 'राजी'तल्या 'ज'च्या जागी मूळ अरबीत जे अक्षर आहे, त्याचा उच्चार जड 'द'सारखा. फारसीत त्याचा 'झ' होतो. म्हणून अरबांचा रमदान आपल्याकडे रमझान. त्याच वाटेने रझिया आणि मुर्तझा ही नावे आली, राजी आणि नाराजही आले. रजा म्हणजे आधी मर्जी, मग परवानगी, मग सुट्टी. चार दिवसांसाठी मागतो ती रजा आणि कायमचा देतो तो राजीनामा, दोघे सख्खे!

'त्यागपत्र' म्हणा असे सुचवणारेही आहेतच. पगार वाढला नाही म्हणून सोडलेल्या नोकरीत त्याग कसला, ते त्यांनी एकदा सांगावे.

हां, तुमचे राहिलेच. अर्जावर लिहा, 'विषय : राजीनामा'.