कलावंत मोठा असला तरी गुन्हा गुन्हाच: वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

गावचा नावाजलेला माणूस गंभीर गुन्ह्यात अडकला की ‘पण कलाकार केवढा!’ अशा आशयाची पत्रे हमखास येतात. म्हणून ही उत्तरे एकत्र.

राज्य पुरस्कार असेल तर शिक्षेत सूट मिळते का? (साकोली)

नाही. 16 वर्षांखालील मुलावर बलात्कारासारखा अत्याचार सिद्ध झाला तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यात किमान 20 वर्षे शिक्षा आहे. न्यायाधीशालाही त्याखाली जाता येत नाही.

आमच्याकडे हार्मोनियम शिकवणाऱ्या गुरुजींनी काल 14 वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. मंडळी म्हणतात, माणूस गुणी आहे, सप्ताह होऊ द्या, मग तंटामुक्त समितीत बसू. (लाखांदूर तालुका)

एक दिवसही थांबू नका. सप्ताह होईपर्यंत पुरावा जातो, आणि असा उशीर जवळजवळ नेहमी आरोपीच्याच पथ्यावर पडतो. मुलीला तपासणीआधी अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि डाग तपासणीच्या कामाचे राहत नाहीत. आजच सरकारी दवाखाना गाठा. तपासणीसाठी आधी एफआयआर लागत नाही, मुलीला महिला डॉक्टरच तपासतात, आईला जवळ थांबता येते. उपचार मोफत आहेत. दिवस उलटले असले तरी तक्रार करता येते.

तंटामुक्त समितीला हा गुन्हा मिटवण्याचा अधिकारच नाही. शिक्षकाविरुद्धचा असा गुन्हा घरच्यांशी तडजोड झाली म्हणून रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. शिकवणारा विश्वासाच्या जागेवर असतो, त्यामुळे गुन्हा आणखी गंभीर ठरतो. माहीत असून पोलिसांना न कळवणाऱ्यालाही 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; बैठक बोलावणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

तक्रार कोणत्याही ठाण्यात द्या, हद्दीचे कारण चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तो अर्ज मात्र वकिलाकडूनच लिहून घ्या. आणि मुलीचे नाव, फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, तोही गुन्हा आहे.

चित्रपट दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीला ऑस्कर मिळाले, मग आमच्याच नटाच्या मागे का लागता? (नाट्यप्रेमी, वडसा)

ही अर्धवट ऐकीव माहिती. 13 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात त्याने 1977 मध्ये गुन्हा कबूल केला आणि 1978 मध्ये शिक्षेआधीच तो पळाला. 2003 चे ऑस्कर घ्यायलाही त्याला अमेरिकेत जाता आले नाही, आणि 2018 मध्ये ऑस्कर देणाऱ्या संस्थेनेच त्याला काढून टाकले. पुरस्काराने खटला संपला नाही.

मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) नाटकाचा इसार दिलाय, नटावरचा आरोप अजून सिद्ध नाही. प्रयोग रद्द करावा का?

सिद्ध होईपर्यंत कोणालाही गुन्हेगार म्हणू नका. प्रयोगाचा निर्णय तुमचा. पैसे परत मिळतील का हे करारावर ठरेल, तो वकिलाला दाखवा. मुलांच्या तालमी मात्र त्याच्या हाती देऊ नका.

एक जण 40 हजारांत ‘केस मिटवतो’ म्हणतो.

एक रुपयाही देऊ नका. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा.