सोयाबीनसाठी फ्लेक्स ड्रेपर बघताय? आधी हे तपासा

फ्लेक्स ड्रेपर म्हणजे लवत्या पात्याचं, कापलेलं पीक फिरत्या पट्ट्यावरून आत नेणारं हेडर, म्हणजे कंबाइनचा (कापणी-मळणी यंत्राचा) पुढचा कापणारा भाग. मुंबईत बसून लातूरच्या रानासाठी हेडर निवडताय, तर ब्रोशरमधली रुंदी नंतर बघा. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे पात्याची पट्टी जमिनीलगत वळली पाहिजे, हाच खरा मुद्दा. मॅकडॉनच्या फ्लेक्सड्रेपरमध्ये सगळी चौकटच तीन भागांत वाकते, रील (पीक पात्याकडे ओढणारं फिरतं चक्र) हाही सोबत वाकतो, म्हणून रील आणि पात्यातलं अंतर फारसं बदलत नाही. जॉन डिअरच्या आरडीएफ मॉडेलमध्ये चौकट ताठ, फक्त पट्टी लवते. त्यांच्याच एचडीएफ मॉडेलमध्ये पंखही, म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजू, बिजागरीवर हलतात. उंचसखल रानात मला चौकट हलणारंच पटतं.

पण ही हेडरं अमेरिका-कॅनडातल्या अफाट शेतांसाठी, तीस-चाळीस फुटांची. आपल्या बांधाबांधांत ती वळणार कुठे? लहान हेडर घ्या, पण लवती पट्टी सोडू नका.

डेमोला स्वतः जा. मशीन मधेच थांबवून मागे घ्यायला लावा आणि हेडरसमोर, उभ्या पिकाच्या अलीकडे सांडलेले दाणे मोजा. चौरस फुटाला 4 दाणे म्हणजे एकरी 20 ते 27 किलो माल मातीत!