तारखेच्या जागी ‘#नेम?’

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची देवघेव अ‍ॅक्सेसच्या (ऑफिसमधल्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रामच्या) एका फॉर्मवर चालते. एकच फाइल सगळे नेटवर्कवरून उघडतात. बाकीच्या चार संगणकांवर ठीक, पण माझ्याकडे आजच्या तारखेच्या चौकटीत ‘#नेम?’ दिसतं आणि नोंद करायला गेलं की ‘लायब्ररी सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. ऑफिस दोनदा काढून पुन्हा घातलं, तारखेची सेटिंगं तपासली. माझ्याकडे २०१० चं ऑफिस, इतरांकडे २०१६ चं. पण परवापरवापर्यंत चालत होतं. एक्सेलमध्ये यादी काढायचं बटण आल्यापासून बिनसलं. संगणक बदलू का?

उत्तर : नको हो ताई! खरी गोम तुम्ही शेवटी जाता जाता सांगितलीत, ते बटण. (आणि ही ‘लायब्ररी’ म्हणजे तुमचं ग्रंथालय नव्हे, प्रोग्रामला लागणारा तयार कोडचा संच. निश्चिंत असा.)

फाइल उघडून ऑल्ट धरून एफ११ दाबा, कोडची खिडकी उघडेल. मग टूल्समध्ये रेफरन्सेस, म्हणजे फाइलला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी. टिक केलेल्या ओळींत एकीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेलं दिसेल. बहुधा त्या बटणाला लागणारी एक्सेल १६.० ची, म्हणजे २०१६ ची. तुमच्याकडे आहे १४.०, म्हणजे २०१० ची. जुन्यावरची फाइल नव्यावर उघडली की अ‍ॅक्सेस हा आकडा आपणहून वाढवतं, नव्यावरची जुन्यावर आली की कमी मात्र करत नाही.

तारखेचा यात काय संबंध? थेट काहीच नाही. पण यादीतली एक लायब्ररी हरवली की आजची तारीख देणारं ‘डेट’सारखं साधं फंक्शनही ओळखू येईनासं होतं. मीही एकदा असाच दीड दिवस तारखेच्या सेटिंगांत डोकं खुपसून बसलो होतो.

तुम्ही १४.० वर टिक कराल, चालेलही. उद्या सहकाऱ्याने तीच फाइल उघडली की पुन्हा १६.०. म्हणून बटण करणाऱ्यालाच गाठा. फाइलची प्रत ठेवून एक्सेलची टिक काढायची, कोडमध्ये एक्सेलची व्हेरिएबल्स ‘अ‍ॅज ऑब्जेक्ट’ करायची आणि एक्सेल ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने उघडायचं. एक्सेलचे ठरीव शब्द मग चालत नाहीत, त्यांचे आकडे घालावे लागतात : ‘एक्सएलअप’च्या जागी -४१६२. शेवटी डीबग मेन्यूतून कंपाइल करून पाहायचं.

आणि पाच जणांनी एकच फॉर्म उघडणं थांबवा. नोंदींचे तक्ते नेटवर्कवर राहू द्या, फॉर्मची प्रत ज्याच्या त्याच्या संगणकावर.