‘निधर्मी’ चुकीचा नाही, चुकीच्या जागी आहे

प्रश्न : ‘सेक्युलर ह्यूमॅनिझम’ला ‘निधर्मी मानवतावाद’ म्हणावं की ‘धर्मनिरपेक्ष मानवतावाद’? ‘निधर्मी’ हे रूप अशुद्ध आहे का?

अशुद्धतेचं आधी उरकतो. निः + धर्म, म्हणून ‘निर्धर्मी’च हवं, हे संधिपंडितांचं पालुपद. मग निनावी पत्राला ‘निर्नामी’ म्हणा आणि निकामी पंपाला ‘निष्कामी’. तो फळाची अपेक्षा न ठेवता पाणी उपसेल! मराठीनं ‘नि’ केव्हाच आपलासा केला आहे. रूप चोख आहे, घोळ अर्थाचा आहे : ‘निधर्मी’ म्हणजे धर्म न मानणारा, ‘सेक्युलर’चा मूळ अर्थ तो नव्हे.

‘धर्मनिरपेक्ष’ हे राज्याचं विशेषण. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीनं ‘सेक्युलर’ उद्देशिकेत आलं. मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. मजा अशी, की मूळ शब्दात ना धर्म आहे ना पंथ. लॅटिन ‘सेक्युलम’ म्हणजे पिढी, युग. फ्रेंचांचा शतकवाचक ‘सिएक्ल’ त्यातूनच आला. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचा हिशेब तर काय सुंदर : शहर वसलं त्या दिवशी जन्मलेल्यांपैकी शेवटचा माणूस मरेपर्यंत पहिलं सेक्युलम. पुढे चर्चच्या लॅटिनमध्ये ते ‘शाश्वताच्या उलट, हे जग’ झालं. मठाबाहेर, लोकांत राहून काम करणारा पाद्रीही ‘सेक्युलर’च! ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द जॉर्ज होलिओक या इंग्रज विचारवंतानं घडवला तो थेट 1851 साली.

‘हे जग’ सांगणारा शब्द आपल्याकडे आहेच : इह. आणि हा ‘इह’ भलताच गमतीचा. मूळ रूप ‘इध’. पाली या प्राकृत भाषेनं त्यातला ‘ध’ जपला, संस्कृतात नुसता ‘ह’ उरला. प्राकृत म्हणजे झिजलेलं संस्कृत, असं ठासून सांगणाऱ्यांनी या एका शब्दापाशी जरा थांबावं. ‘इह’वरून ‘सेक्युलॅरिझम’साठी घडवलेला ‘इहवाद’ विचारवंतांच्या लेखांबाहेर रुळला नाही, याचं कारण माझ्या मते मृत्युलेख. ‘इहलोकीची यात्रा संपवली’ याखेरीज ‘इह’ कानावर पडतो कुठे? जगण्याचा शब्द आपण मयताला लावून बसलो.

आता ‘मानवतावाद’. भूकंपग्रस्तांना ‘मानवतावादी मदत’ पोहोचल्याच्या बातम्या वाचून डोकं उठतं. ती माणुसकीची मदत. देवभोळा माणूसही ती करतो, उत्तम करतो. मानवतावाद ही भूमिका आहे : बरंवाईट ठरवायचं ते माणसाच्या बुद्धीनं, अनुभवानं आणि परिणाम पाहून, ग्रंथात लिहिलंय म्हणून नव्हे. मानवेंद्रनाथ रॉय यांची 1946ची 22 सूत्रं घ्या किंवा जगभरच्या मानवतावादी संघटनांचा 1952चा आम्स्टरडॅम जाहीरनामा, गाभा हाच. वर सांगितलेल्या 42व्या दुरुस्तीनंच कलम 51क आणलं आणि ‘मानवतावाद’ नागरिकाच्या कर्तव्यांत घातला. तिथे ‘माणुसकी’ घालून वाचा, अर्थ किती आक्रसतो ते दिसेल.

तेव्हा ‘इहवादी मानवतावाद’ लिहा. ‘ऐहिक’ मात्र नको. त्याच्यामागून ‘सुखोपभोग’ आपोआप येतो.