राजकीय स्टँड-अप कॉमेडी ऐकून कुणी खरंच विचार करतं का, की नुसतं हसून घरी जातात?

प्रश्न विचारणारे पुण्याहून बेळगावला शिकायला आलेत. ओपन माइकवर राजकीय विनोद करायचं त्यांच्या मनात आहे, आणि त्यांचा मित्र म्हणतो की असल्या विनोदानं काही होत नसतं, टाळ्या पडतात तेवढ्याच. शिवाय बेळगावात असलं काही चालतं का, हेही त्यांना हवंय.

तुमचा मित्र निम्मा बरोबर आहे. समोरच्यांवरचा विनोद ऐकून माणूस खूश होतो आणि जेवायला जातो. आपल्या माणसांवरचा विनोद ऐकला की आधी चिडतो, मग चार दिवस त्यावरच बोलत बसतो. विचार नावाची गोष्ट घडलीच तर या दुसऱ्या ठिकाणी घडते. बेळगावात राहणाऱ्याला हे लवकर कळतं, कारण इथं आपला कोण आणि समोरचा कोण हे दुकानात तोंडातून निघालेल्या पहिल्या वाक्यावरच ठरून जातं.

मी पाहिलेलं एक उदाहरण सांगतो. सीमाभागातल्या, म्हणजे 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आताच्या कर्नाटकात गेलेल्या, मराठी गावांत थंडीच्या दिवसांत साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कितीतरी. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचं भाषण (ते लांबतंच), जेवण आणि शेवटी कथाकथन किंवा कविसंमेलन. अशाच एका गावात कथाकथनाच्या जागी तालुक्यातल्याच एका पोराला अर्धा तास स्टँड-अपला दिला होता. गावाचं आणि पोराचं नाव सांगत नाही, दोघांनाही उगाच ताप.

सुरुवात त्यानं बेंगळूरच्या सरकारपासून केली. त्यांचं बेळगावातलं सुवर्ण विधानसौध 2012 साली उभं राहिलं, तिथं डिसेंबरात काही दिवस विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, आणि त्याआधी आमच्या रस्त्यांवर डांबर पडतं. पोरगं म्हणालं, ‘‘आमचा मुंबईचा काका पण असाच. वर्षातनं एकदा गणपतीला येतोय, आणि तो येणार म्हणून आई सगळ्या घराला रंग काढून घेतीया.’’ मांडव हसला. मग एक नोव्हेंबर, कर्नाटकाच्या स्थापनेचा दिवस. त्या दिवशी शहराचा एक भाग लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सव करतो आणि दुसरा भाग काळे कपडे घालून निषेधाची सायकल फेरी काढतो. ‘‘मी एकदा पांढरा शर्ट घालून बाहेर पडलो, तर दोन्हीकडचे विचारतात, तू कुठला रे?’’ पुन्हा हशा. सुप्रीम कोर्टातल्या तारखांवरचा एक विनोद मात्र पडला. सीमाभाग आपल्याला मिळावा हा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून तिथं आहे, आता त्यावर हसायचाही लोकांना कंटाळा आलाय.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे माझ्या लेखी काहीच घडलेलं नव्हतं. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना सांगत होतो की आपलं बरोबर आहे.

मग तो म्हणाला, ‘‘मराठी टिकली पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.’’ सगळा मांडव हात वर. ‘‘आता ज्यांची नातवंडं गावातल्या मराठी शाळेत जातात, त्यांनी हात तसाच ठेवा.’’ पुढच्या दोन रांगांतले हात खाली यायला लागले. एका-दोघांनी तोच हात डोक्याकडं नेऊन टोपी सारखी केली. पोरगं थांबलं, आणि म्हणालं, ‘‘असू दे की. दमले असतील हात. 1956 पासनं वर हाईत.’’

आधी मागं बसलेल्या बायका हसल्या. मधल्या रांगा हसू की नको या विचारात. पुढं शांतता.

पंगतीत वाद पेटला. एक जण म्हणाले, हे म्हणजे शत्रूच्या हातात कोलीत देणं झालं, पोलीस मांडवात असताना बोलायचं हे आहे काय? दुसरे एक, 1986 च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले, भात कालवता कालवता म्हणाले, ‘‘पोरगं खोटं काय बोललं, ते सांग आधी.’’ त्यावर उत्तर आलं नाही, दुसराच विषय निघाला. त्या विनोदानं शाळेचा पट वाढला असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी गावात शाळेचा विषय निघाला की गाडी ‘सरकार शिक्षक देत नाही’ इथपर्यंतच जायची. ते खरंच आहे, नाही असं नाही. मात्र त्यानंतर पालकांच्या बैठकीत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं की शिक्षक दिले तर पोरं कोण कोण घालणार, हात वर करा. वाक्य पोराचंच, आता विनोद म्हणून कुणी वापरत नव्हतं. माझ्या मते विनोदानं होऊ शकतं ते साधारण एवढं: एखादा प्रश्न उघडपणे विचारायची सोय होते.

उलट बाजूची गंमतही सांगायला हवी. अमेरिकेत स्टीफन कोल्बेर हा विनोदी कलाकार उजव्या विचारांच्या टीव्ही अँकरची हुबेहूब नक्कल करायचा. त्याच्या प्रेक्षकांवर तिथल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. उदारमतवादी प्रेक्षकांना वाटत होतं की तो उजव्यांची टर उडवतोय. पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल असा, की हा विनोदाचं नुसतं सोंग करतोय, मनातून तो आपलाच आहे. आणि तो दोघांनाही सारखाच विनोदी वाटत होता! म्हणजे जो तो घरून आणलेलं मत घेऊन बसला, हसला आणि तेच घेऊन परत गेला. तुमच्या मित्राला पुरावा हवा असेल तर हा द्या. मला तो पटतो, कारण समितीच्या सभेतही मी हेच बघतो.

समितीच्या म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या. आमच्याकडच्या राजकीय विनोदाचं मूळ स्टँड-अपमध्ये नाही, या सभांमध्ये आणि त्याआधी शाहिरांच्या फडात आहे. आचार्य अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोरारजींची जी रेवडी उडवली तिच्यावर आमच्या आजोबांची पिढी पोसली गेली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं वगातून सावकार आणि पुढारी यांना रंगमंचावर उभं केलं. ताकद प्रचंड होती, ती मी कमी लेखत नाही. घाबरलेला माणूस हसला की त्याची भीती जाते, आणि लाठीमाराच्या काळात ते फार मोठं काम होतं. पण धीर देणं हे एक काम आहे आणि विचारात पाडणं हे दुसरं. अत्र्यांच्या सभेतून माणूस घट्ट होऊन बाहेर पडायचा. शंका घेऊन बाहेर पडत असेल असं वाटत नाही.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, हे आम्ही आल्या-गेल्याला सांगतो. 1996 मध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाल्यावर त्याच सरकारच्या वृत्तीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बाळासाहेब ठाकऱ्यांचा राग ओढवून घेतला, हे मात्र कुणी सांगत नाही.

1996 वरून आठवलं. सीमाभागानं केलेला सगळ्यात मोठा राजकीय विनोद त्याच वर्षीचा, आणि त्यात माइक नव्हता. लोकसभेच्या निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष वेधावं म्हणून समितीनं शेकड्यांनी माणसं उभी केली. नियम एकही मोडला नाही. डिपॉझिट तेव्हा 500 रुपये. इलेक्ट्रॉनिक यंत्रं नव्हती, मतपत्रिका कागदाची, त्यामुळे मतदाराच्या हातात जवळजवळ पुस्तकच आलं. त्याच निवडणुकीत तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडात पाण्याच्या प्रश्नावरून 480 उमेदवार होते आणि तमिळनाडूत मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात 1,033. चेहरा सरळ ठेवून, कायदा तंतोतंत पाळून व्यवस्थेची अशी थट्टा करणं कुठल्याही कॉमेडियनला सहज जमणारं नाही.

आणि त्या थट्टेनं दिल्लीला विचार करायला लावलंही. पण सीमाप्रश्नाचा नव्हे, डिपॉझिटचा. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेचं डिपॉझिट 10,000 रुपये केलं, आणि अपक्षाला एका सूचकाऐवजी दहा सूचक लागायला लागले. विनोद समजला नव्हता असं नाही. समजला होता, म्हणून तर तो पुन्हा परवडू नये याची सोय केली. विनोदाच्या ताकदीबद्दल कुणी फार भारावून बोलायला लागलं की मी त्याला हा किस्सा सांगतो.

आता आजच्याकडं येतो. मार्च 2025 मध्ये कुणाल कामरानं नाव न घेता एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत केलं, शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड केली, आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचा हातोडाही तिथं पोहोचला. माझ्या ओळखीच्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी, अधिवेशनाला विरोध म्हणून समिती घेते त्या मेळाव्याबद्दल, ‘आमच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली, लोकशाहीचा खून’ असे संदेश फिरतात, तिथंच त्या तोडफोडीवर अंगठे आणि टाळ्या पडत होत्या. मी फक्त दोन्ही संदेश एकाखाली एक चिकटवले. विनोद वगैरे काही केला नाही. दोघांनी ग्रुप सोडला, एकानं रात्री फोन करून तासभर वाद घातला. फोन करणाऱ्याबद्दल मला आशा आहे.

बेंगळूरही यात मागं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये मुनव्वर फारुकीचा आणि नोव्हेंबर 2022 मध्ये वीर दासचा तिथला कार्यक्रम विरोधामुळे रद्द झाला. फारुकीला त्याआधी, 1 जानेवारी 2021 ला, इंदूरमध्ये कार्यक्रम नीट सुरू होण्याआधीच पकडलं होतं. सुप्रीम कोर्टाचा जामीन मिळेपर्यंत महिन्याहून जास्त आत राहिला. तेव्हा विनोदाला घाबरण्याच्या बाबतीत दोन्ही राज्यांत सीमावाद अजिबात नाही.

तुम्ही मराठीतून आलात म्हणून आणखी एक. कानडी लोकांना हसता येत नाही असा एक समज घेऊन पुण्याचे लोक इथं येतात. उत्तर कर्नाटकातल्या रांगड्या कानडीत बोलणारे गंगावती प्राणेश ऐका. कुणाला तरी शेजारी बसवून अर्थ विचारत ऐका, बसवलेला माणूस मधेच हसून लोळतो आणि अर्थ सांगायचा राहतो, ते सोडा.

मिश्र प्रेक्षकांपुढं काय चालतं हे मी एका कॉलेजच्या कार्यक्रमात पाहिलं. 2024 मध्ये कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. त्यावर एका मुलीनं कानडी-मराठी-हिंदीची मिसळ करून पाच मिनिटं घेतली. पाटी मोजायला आलेला माणूस, त्याच्या हातातली टेप, मराठी दुकानदाराची धडधड, आणि शेजारी स्वतः कन्नड असूनही सगळी पाटी इंग्रजीत लावलेला दुकानदार, त्याची जास्तच धडधड. दोन्हीकडची पोरं हसली, पण एकाच वेळी नाही. आधी मराठी हसली, कानडी गप्प. मग उलटं. ती गप्प राहिलेली चार-पाच सेकंदं मला त्या सगळ्या कार्यक्रमात महत्त्वाची वाटली. शेजारचा हसतोय आणि मी हसत नाही, असं का, हे ज्याला त्याला स्वतःशी बघावं लागलं.

तेव्हा, करा. बेळगावात तिकीट काढून स्टँड-अप बघायची सवय अजून नवी आहे, त्यामुळे कॉलेज, गल्लीतलं मंडळ, वाचनालय, संमेलन, जिथं संधी मिळेल तिथं उभे राहा. एक नोव्हेंबरच्या आसपास आणि अधिवेशनाच्या दिवसांत नको; तेव्हा बंदोबस्त इतका असतो की परवानगीच्या कागदातच तुमचा उत्साह संपेल. बाहेरून आलेला माणूस म्हणून तुम्हाला इथल्या कानडी लोकांवर विनोद करायचा मोह होईल आणि आमचे लोक तुम्हाला डोक्यावर घेतील. त्याला भुलू नका. आधी पुण्यावर करा. पुण्यात सीमाभाग किती जणांना नकाशावर दाखवता येतो, महाराष्ट्राच्या नेत्यांना आमची आठवण निवडणुकीच्या कुठल्या आठवड्यात येते, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं सांगाल, आणि ते ऐकताना आम्हालाही जरा टोचेल. समितीतल्या गटांवर मात्र इतक्यात जाऊ नका. 2018 आणि 2023 दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही आमदार आला नाही, ती जखम ओली आहे आणि तिच्यावर बोलायचा हक्क इथं काही वर्षं काढल्यावर मिळतो.

लिहून घ्या, पाठ करा, आणि ज्या विनोदावर पहिल्या रांगेतले गप्प झाले तो पुढच्या वेळी गाळू नका, तिथं थोडं जास्त थांबा. आणि मोबाईल बंद ठेवायला सांगा. अर्ध्या तासातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा उचलून तोच तालुकाभर फिरवणारे दोन्ही बाजूंना आहेत. ऐकणार कुणी नाही, पण सांगा.