पाणी बाहेरचं बाहेर, आतलं आत

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न या ना त्या वाटेने पाण्यापाशीच येऊन थांबतात. हवं तिथे ते येत नाही, नको तिथे हटकून येतं. शेवटचे तीन प्रश्न तेवढे कोरडे आहेत.

प्रश्न : माझी तीस फुटी शीडबोट आहे. डिझेल इंजिन संथ चालवलं तर तासन्‌तास तक्रार नाही. वेग वाढवला की दहा मिनिटांत तापमानाचा काटा चढतो आणि अलार्म वाजतो. पाण्याच्या पंपातला इम्पेलर (पात्यांचं रबरी चाक) नुकताच नवा बसवला आहे. आता थर्मोस्टॅट बदलू का?

थर्मोस्टॅटला शेवटी हात लावा. तो बंद अवस्थेत अडकला असता तर इंजिन बहुधा संथ चालीतही तापलं असतं. तुमच्याकडे पाणी येतंय, पण जोर लावल्यावर पुरत नाही. त्यामुळे समुद्राचं पाणी ज्या वाटेने आत येतं आणि बाहेर जातं, त्या वाटेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. मधूनच सुरुवात केली की नवे सुटे भाग बसत राहतात आणि दुखणं तिथेच राहतं.

सुरुवात सीकॉकपासून, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या भोकावरच्या नळापासून. तो बंद करा, त्यावरची नळी काढा, बादली धरा आणि क्षणभर उघडा. पाणी जोरात उसळायला हवं. नुसतं झिरपत असेल तर बाहेरच्या जाळीवर शिंपले बसलेत किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकलाय. पुढे गाळणी. जाळी स्वच्छ दिसते म्हणून खूश होऊ नका, झाकणाची रबरी रिंगही बघा. ती सैल असेल तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. मग नळी. जुन्या नळीचा आतला थर सुटलेला असतो. संथ चालीत ती ठीक वाटते, पंपाने जोर लावला की आतल्या आत मिटते. इंजिन वेगात चालू असताना तिच्याकडे नुसतं बघितलं तरी कधी कधी ती चपटी होताना दिसते.

आता तुमचा नवा इम्पेलर. मला त्याच्यापेक्षा जुन्याची चौकशी जास्त करायची आहे. काढलात तेव्हा त्याची सगळी पाती शाबूत होती का? दोन पाती गायब असतील तर ती पंपातून पुढे गेली आणि हीट एक्स्चेंजरच्या (जिथे समुद्राचं पाणी इंजिनातलं कूलंट थंड करतं) नळ्यांच्या तोंडाशी अडकून बसली. नवा इम्पेलर बसवून तुकडे न शोधणं म्हणजे काटा पायात ठेवून वर मलमपट्टी करणं. एक्स्चेंजरच्या टोकाची झाकणं काढा, तुकडे जुळवा, पाती मोजा. तिथेच झिंकची एक छोटी कांडी असते, बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारी. तिचे गळून पडलेले कण आणि क्षारही नळ्या बुजवतात.

शेवटी एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे धुराच्या नळाचं कोपरासारखं वळण. इथे समुद्राचं पाणी गरम धुरात मिसळतं, त्यामुळे काजळी, मीठ आणि गंज यांचा दगडासारखा थर साचतो. बोटभर रुंद वाट पेन्सिलीएवढी झालेली मी पाहिली आहे.

हे सगळं स्वच्छ निघालं, तर पाण्यात उतरून बोट ढकलणारा पंखा बघा. पंख्यावर आणि तळावर शिंपल्यांचा थर असेल तर इंजिनाला ओझं ओढावं लागतं आणि ते तापतं. अशा वेळी मालक सगळं इंजिन खोलतात आणि दोष खरवडणीने जाण्यासारखा निघतो. तरीही तापत असेल, तर मग थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकून बघा, उघडतो का ते. आणि इंजिन तापलेलं असताना कूलंटचं झाकण उघडू नका, वाफ थेट तोंडावर येते.

प्रश्न : स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. काल वीसएक वेळा प्रयत्न केला. काय तपासू?

आधी थांबा आणि इंजिनाचा सीकॉक बंद करा. बाकीचं नंतर.

स्टार्टरने इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो आणि एक्झॉस्टमध्ये पाणी सोडत राहतो. इंजिन चालू असतं तर धुराच्या दाबाने ते बाहेर फेकलं गेलं असतं. इथे धूरच नाही. पाणी मफलरमध्ये साचतं, भरून वर येतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या पहिल्या बोटीवर मी हेच केलं होतं. डिझेलचा नळ बंद होता, एवढाच मूळ दोष. दुरुस्तीत सबंध मोसम गेला.

वीस प्रयत्न झालेत, म्हणून मफलरचं पाणी काढून टाका. इंजिन हाताने सावकाश फिरवून बघा. अडखळलं तर स्टार्टरला अजिबात हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा. मोकळं फिरत असेल तर पुढे चला. इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना? हसू नका, हे फार वेळा निघतं. टाकीत डिझेल आहे का, नळ उघडा आहे का, फिल्टरच्या तळाशी पाणी दिसतंय का? मग डिझेलच्या नळ्यांतली हवा काढा. दुय्यम फिल्टरवरचा स्क्रू सैल करून लिफ्ट पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) कळ हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

इंजिन लागलं की लगेच सीकॉक उघडायचा. विसरलात तर इम्पेलर कोरडा फिरून थोड्याच वेळात फाटतो, आणि मग तुम्हीच वरचा प्रश्न विचाराल. मी किल्ली सीकॉकच्या दांड्याला अडकवतो.

प्रश्न : बोट नुसती उभी असली तरी आठवड्याला बादलीभर पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळच्या पोकळीत) साचतं. पंप ते उपसतो, म्हणून दुर्लक्ष करावं का?

पंपाच्या भरवशावर झोपू नका. पंप बॅटरीवर चालतो आणि गळती बॅटरीवर चालत नाही.

आधी बिल्ज फडक्याने कोरडी करा, अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. नव्याने आलेलं पाणी गोडं की खारं हे बघा. रंग हिरवट-गुलाबी किंवा वास गोडसर असेल तर जिभेला लावू नका, ते इंजिनाचं कूलंट असतं आणि विषारी असतं. तसं काही नसेल तर हाताचं बोट त्यात बुडवून जिभेच्या टोकाला लावा. हे काम कुठलंही उपकरण याहून लवकर करत नाही.

गोडं निघालं तर टाकी, तिच्या नळ्या किंवा पाऊस. नळ बंद असताना पाण्याचा पंप मधूनच एकदा घरघरतो का? मग दाबाखालच्या नळीत गळती आहे. पावसानंतरच येत असेल तर डेक बघा. डोलकाठी डेकमधून खाली कीलवर (बोटीच्या तळच्या कण्यावर) टेकलेली असेल तर पावसाचं पाणी तिच्या पोटातूनही उतरतं. डेकवरची गळती मात्र मोठी लबाड असते. पाणी शिरतं पुढच्या स्टँचनच्या (कठड्याच्या खांबाच्या) स्क्रूपाशी आणि टपकतं मागच्या बिछान्यावर. ती पकडायची युक्ती अशी: खिडक्या-दारं बंद करून फुंकणी यंत्राने आत थोडा हवेचा दाब द्या आणि डेकवर साबणाचं पाणी फिरवा. जिथे फुगा येतो, तिथे भोक. दुरुस्तीला वरून सिलिकॉनचा लेप देऊ नका. तो भाग काढा, भोक मोठं करा, आतलं ओलं लाकूड खरवडून वाळवा, इपॉक्सीने भरा, पुन्हा नेमकं भोक पाडा आणि ब्युटाइल टेप लावून बसवा. लेपामुळे पाणी बंद होत नाही, नुसतं आत कोंडतं आणि डेकमधलं लाकूड कुजतं.

खारं निघालं आणि बोट उभीच असेल, तर पाण्याखालच्या प्रत्येक भोकाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून रात्र काढा. सीकॉक, वेगमापकाचं सेन्सर, सुकाणूचा दांडा, शाफ्टची ग्लँड (पंख्याचा दांडा बाहेर पडतो तिथली पाणी अडवणारी जोडणी), कीलचे बोल्ट. सकाळी कागद सांगेल. सगळे कोरडे असतील तर संडासाची किंवा बिल्ज पंपाची नळी उलटी वाहत असेल. तिचं वळण पाण्याच्या पातळीच्या बरंच वर हवं आणि वळणाच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह हवा. नुसतं इंजिन चालल्यावरच खारं पाणी येत असेल, तर पाण्याच्या पंपाखाली हाताचं बोट फिरवा. सील गेलं की त्याच्या छोट्या भोकातून थेंब येतात.

कागद ठेवायला वाकलाच आहात तर सीकॉकचा धातू नखाने खरवडून बघा. पिवळ्याऐवजी गुलाबीसर दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलंय, उरलाय तो भुसभुशीत तांब्याचा सांगाडा. तो त्याच मोसमात बदला. प्रत्येक सीकॉकला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा, तो तुटलाच तर भोकात ठोकायला.

प्रश्न : शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब पडतात. आवळू का?

जुन्या पद्धतीची, दोरीसारखं पॅकिंग असलेली ग्लँड असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, त्या थेंबांनीच ती थंड राहते. बोट उभी असताना मात्र जवळपास कोरडी हवी. आवळायची तर नट थोडासाच फिरवा, इंजिन चालवा आणि मग ते बंद करून ग्लँडला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर सैल करा. जास्त आवळून शाफ्टवर चर पडला तर नवं पॅकिंगही गळेल.

प्रश्न : मरिनात (बोटी उभ्या करायच्या धक्क्यावर) आल्यापासून शाफ्टवरचे झिंक दोन महिन्यांत संपतात. पूर्वी वर्षभर टिकायचे.

मरिनात तुम्ही एकटे नाही, हेच कारण. किनाऱ्याच्या विजेची तार जोडली की तिच्यातल्या अर्थिंगमुळे तुमच्या बोटीचा पाण्याखालचा धातू शेजाऱ्यांच्या धातूला जोडला जातो. समुद्राचं पाणी मधे आहेच. सगळ्यांची मिळून एक मोठी बॅटरी तयार होते, आणि ज्याने झिंक नीट लावलेत तो इतरांचे पंखे सांभाळत बसतो.

तीन आठवडे तार काढून ठेवा आणि झीज कमी होते का बघा. झाली तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या. तो असे बारीक प्रवाह अडवतो, पण धोक्याच्या वेळी अर्थिंगची वाट मोकळी ठेवतो. कुणी सांगेल, अर्थिंगची तारच कापून टाका. मुळीच कापू नका. झिंक वाचतील आणि बोटीजवळ पोहणारा माणूस मरेल.

तार काढूनही झीज तशीच राहिली तर दोष बोटीतच आहे. बिल्ज पंपाच्या तारांचे जोड पाण्यात लोळत नाहीत ना, हे आधी पाहा. उलट, वर्षभर झिंक जसाच्या तसा राहिला तर तेही वाईटच. धातूचा संपर्क तुटलाय, किंवा कुणीतरी हौसेने त्याला रंग दिलाय.

प्रश्न : पुढचं शीड गुंडाळताना फर्लर (ते गुंडाळणारं यंत्र) मधेच अडकतो. विंच (दोरी ओढायचा रहाट) लावून ओढलं तर चालेल?

नाही. हात थांबला की थांबायचं. विंचच्या ताकदीने फोरस्टेची, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी, तारच तुटू शकते आणि तिच्याबरोबर डोलकाठी जाऊ शकते. आधी खालच्या ड्रमवर दोरी एकमेकींवर चढली आहे का बघा. ती ठीक असेल तर दुर्बीण घेऊन वर बघा. बहुतेक वेळा हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) फोरस्टेभोवती गुंडाळलेला दिसेल. शीड लांबीला कमी असलं की वरचं स्विव्हल (फिरती कडी) खालीच राहतं, हॅलयार्ड तारेला समांतर धावतो आणि तिच्याबरोबर फिरायला लागतो. शिडाच्या वरच्या टोकाला दोरीचा तुकडा जोडून स्विव्हल वर न्या, म्हणजे हॅलयार्ड तारेपासून थोडा मागे, कोनात सुटेल. भर समुद्रात अडकलं तर वारा मागून घ्या, मोठ्या शिडाच्या आडोशाला पुढचं शीड शांत होतं. मग हॅलयार्ड थोडा सैल करून पुन्हा हलक्या हाताने बघा.

प्रश्न : डोलकाठीच्या तारा चौदा वर्षांच्या आहेत. खालच्या फिटिंगपाशी तांबूस डाग आहेत, पण तारा चकचकीत दिसतात.

चकचकीतपणावर जाऊ नका. स्टेनलेस स्टीलला त्याचा संरक्षक थर टिकवायला हवा लागते. ओल आणि कोंडलेली जागा मिळाली की ते आतून झिजतं. खालच्या फिटिंगमध्ये पाणी मुरतं, म्हणून डाग तिथेच. डाग पुसून भिंगाने चिरा शोधा. तारेवरून कापूस फिरवा (बोट नव्हे, रक्त निघेल). कापूस अडला तिथे एक पदर तुटलाय. एकोणीस पदरांतला एक तुटला तरी ती तार बदला आणि तिच्या वयाच्या बाकीच्याही. चौदा वर्षं झाली आहेत, मी असतो तर कापूस न फिरवताच बदलल्या असत्या.

त्या वेळी एक चेनप्लेट (तार बोटीला जोडणारी धातूची पट्टी) डेकमधून पूर्ण बाहेर काढून बघा. डेकच्या जाडीत दडलेला तिचा भाग बाहेरून कधीच दिसत नाही आणि झीज तिथेच सुरू होते.

प्रश्न : विंचला कुठलं ग्रीस वापरू?

दात्यांना विंचचं पातळ ग्रीस, तेही थोडं. पॉल म्हणजे त्या छोट्या खटक्यांना फक्त हलकं तेल. तिथे ग्रीस लावलं की ते चिकटून बसतात आणि भरल्या वाऱ्यात हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. खोलण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या खोक्याला तळाशी भोक पाडून ते विंचभोवती बसवा. पॉलच्या स्प्रिंगा उडतात त्या खोक्यात पडतील. तरी दोन जादा आणून ठेवा.