अमेरिकेतली घरकर्जं बुडाली, मग 2008 मध्ये इंदूरच्या माणसाचा म्युच्युअल फंड का आपटला?

कर्ज बुडालं एवढ्यानं हे झालं नाही. ते कर्ज विकता येत होतं, खरी गोम तिथं आहे.

आपल्या इंदूरचंच बघा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये दिले, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीनं. (हो, राज्यकर्ते आपल्याकडून उसने घेत होते!) पैसा कुणाला आणि कशासाठी दिला, हे सावकाराला पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेत मात्र कर्ज देणारे ते लगेच पुढे विकायचे. हजारो कर्जांचं गाठोडं बांधून रोखे निघायचे, पतमानांकन संस्था त्यावर 'ट्रिपल ए'चा, म्हणजे 'सगळ्यात सुरक्षित' असा, शिक्का मारायच्या. कर्जदाराची ऐपत तपासतो कोण?

इतकी कर्जं वाटली तरी का? अर्थतज्ज्ञ रघुराम राजन विषमतेकडे बोट दाखवतात, ते मला पटतं: सामान्यांचे पगार वाढेनात, तेव्हा तिथल्या राजकारण्यांनी सोप्या कर्जाची वाट धरली. पुढे घरांच्या किमती पडल्या, कर्जं थकली, त्यावरचे रोखे कुजले. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरी जाहीर केली, देणं 600 अब्ज डॉलरहून जास्त. कुजके रोखे कुणाकडे किती, हे कळेना, म्हणून बँका एकमेकींना पैसे द्यायलाही बिचकू लागल्या.

आपल्या बँकांकडे ते रोखे फारसे नव्हते. पण परदेशी गुंतवणूकदारांना मायदेशी रोकड हवी होती, त्यांनी इथले शेअर विकले. जानेवारीत 21,000 वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 9,000 च्या खाली आला. राजवाड्याजवळ राहून दरमहा एसआयपी (म्युच्युअल फंडाचा हप्ता) भरणाऱ्याला फटका बसला तो या वाटेनं.